बापूदेव शास्त्री कसे सापडले?

काशीच्या सरकारी संस्कृत पाठशाळेत जवळजवळ अर्धे शतक गणित व ज्योतिष शिकविणारे महामहोपाध्याय बापूदेव शास्त्री हे मूळचे नगर जिल्ह्यातील गोदाकाठच्या टोके गावच्या परांजपे घराण्यातले, हे आज मराठी वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. त्यांचे पाळण्यातले नाव नृसिंह, वडिलांचे सीताराम, जन्म १८२१ चा. त्यांची हकीकत आपणांस शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या 'भारतीय ज्योतिःशास्त्र' या १८९६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मिळते. त्यांचे ग्रंथ, पदव्या व मानमरातब यांचा उल्लेख अन्यत्रही येतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्यांच्या आयुष्यातील सोळावे-सतरावे वर्ष हा आहे. त्या वयात त्यांच्या नावावर ग्रंथ नव्हता, कोणत्या दरबारची सनद नव्हती, की कोणत्या परीक्षेचा दाखला नव्हता. तरीही त्यांना कोणीतरी हेरले, उचलले आणि योग्य जागी नेऊन बसविले. हे घडले कसे, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

प्रश्न जुना असला तरी त्याचे प्रयोजन आजचे आहे. नव्या उद्योगांना, म्हणजे ज्यांना आपण आता सर्रास स्टार्टअप म्हणतो त्यांना, भांडवलाइतकीच माणसांची चणचण असते. मोठ्या कंपनीच्या दारात पदवीधर आपण होऊन रांग लावतात. नव्या उद्योगाला नाव नसते, पगार बेताचा असतो, आणि वर्षभराने तो असेल की नाही हेही निश्चित नसते. अशा उद्योगाला परवडणारा उत्तम माणूस एकच, ज्याची किंमत बाजाराला अद्याप कळलेली नाही असा. म्हणून हे लोक इंटरनेटवरच्या समुदायांत डोकावतात. तेथे कोणी अनोळखी विद्यार्थी दुसऱ्याच्या अडलेल्या प्रश्नाला रात्री जागून उत्तर देत असतो, कोणी सर्वांसाठी खुल्या असलेल्या संगणक-प्रणालीतील दोष विनामोबदला दुरुस्त करीत असतो. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या नव्या प्रणालीची वार्ता अशाच एका समुदायाला कळविली आणि पुढे 'लिनक्स' उभी राहिली. तिच्यात कोणाचे काम घ्यायचे, हे पाठविलेले काम वाचून ठरे. पदवीची विचारणा नसे.

ही पद्धत संगणकाबरोबर जन्मली, असा आपला समज असतो. काशीचा इतिहास पाहिला म्हणजे तो टिकत नाही.

फ्रेंच प्रवासी बर्निए सतराव्या शतकात काशीस गेला होता. त्याने या नगरीची तुलना अथेन्सशी केली, आणि लगेच हेही नोंदविले की येथे युरोपातल्यासारखी महाविद्यालये नाहीत, ठरलेले वर्ग नाहीत. गुरू शहरभर विखुरलेले, कोणी आपल्या घरी, कोणी सावकारांनी दिलेल्या बागेत शिकवितो. कोणापाशी चार शिष्य, कोणापाशी सहासात, फार नामांकित असेल तर बारा-पंधरा. शिष्य दहा-बारा वर्षे राहतात. म्हणजे प्रवेश-परीक्षा नाही, अंतिम परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. मग कोण हुशार हे कळे कसे? ते सभेत कळे. शास्त्रार्थ हा उघड्यावरचा व्यवहार होता. पूर्वपक्ष कोणी मांडला, कोणाला उत्तर सुचले नाही, कोणत्या पोराने मधेच उठून पतंजलीचे वचन काढले, हे सगळ्यांच्या देखत घडे. नागपंचमीस नागकुव्यावर होणाऱ्या शास्त्रार्थाची परंपरा प्रसिद्धच आहे. तेथे विद्यार्थीही वादाला उभे राहतात. सभेतली वार्ता यात्रेकरूंबरोबर पैठण, पुणे, तंजावरपर्यंत पोहोचे. पैठणहून सोळाव्या शतकात काशीस गेलेल्या रामेश्वर भट्टांच्या वंशातील गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडी राज्याभिषेकास आले, त्यामागे याच जाळ्यात पिढ्यान्‌पिढ्या साठलेली कीर्ती होती.

या जाळ्याच्या मधोमध कंपनी सरकारने आपली संस्था काढली. १७९१ मध्ये काशीचा रेसिडेंट जोनाथन डंकन याच्या पुढाकाराने संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पहिल्या वर्षी चौदा हजार रुपयांची तरतूद, पुढे ती वीस हजारांवर गेली. परीक्षा रेसिडेंटच्या समक्ष घ्याव्यात असेही ठरले. कागदावर सर्व व्यवस्था उत्तम होती. परंतु दहा वर्षांच्या आत, १८०१ साली, पाठशाळेचे पहिले प्रमुख काशीनाथ पंडित यांना पैशाच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून दूर करण्याची पाळी सरकारवर आली. आम्हा सरकारी नोकरांना यात नवल वाटू नये. रेसिडेंट परीक्षेला बसे खरा, पण समोरचा विद्यार्थी व्याकरणात पक्का आहे की नुसता पाठांतरात, हे त्याला कळण्याची सोय नव्हती. जे तपासता येत नाही त्यावर देखरेख ठेवली की देखरेखीची वही तेवढी भरते. शहरात विद्वान होते, त्यांची पारख करणारी सभा होती, आणि तिजोरीत पैसाही होता. सरकारच्या बाजूला पारखी मात्र नव्हता.

तो पारखी काशीपासून दूर, माळव्यात निपजला. लान्सलॉट विल्किन्सन हा मुंबई इलाख्याच्या सेवेतला मुलकी अधिकारी. भोपाळ संस्थानासाठी नेमलेला पोलिटिकल एजंट म्हणून तो सिहोरला असे. संस्थानिकांचे तंटे, वारसा, सरहद्दी हे त्याचे नेमून दिलेले काम. त्याने स्वतः अंगावर घेतलेले काम निराळेच होते. तो भास्कराचार्य वाचू लागला. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याने एक लेख लिहिला. त्याचा मथितार्थ असा की, येथील लोकांना नवे खगोलशास्त्र शिकवायचे तर युरोपातून आणलेले पुस्तक त्यांच्यापुढे ठेवून भागणार नाही. पृथ्वी गोल आहे, ती निराधार आहे, हे भास्कराचार्यांनी बाराव्या शतकातच सांगून ठेवले आहे. सिद्धान्तांच्या पायरीवरून चढले तर कोपर्निकसपर्यंतची वाट या देशातील मुलाला परकी वाटणार नाही.

सिहोरला त्याने पाठशाळा चालविली, तिच्याभोवती लहानसे मंडळ जमले. त्यात मराठी माणसे होती हे आपण विसरू नये. सुबाजी बापू या शास्त्र्यांनी पुराणे, सिद्धान्त व कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करणारा 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा ग्रंथ मराठीत लिहिला. तो १८३६ चा, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघून जेमतेम चार वर्षे झाली होती. ओंकार भट्टांनी हिंदीत 'भूगोलसार' लिहिला. साहेब सांगतो आणि शास्त्री मान डोलावतात, असा प्रकार या मंडळात नव्हता. विल्किन्सनने जातिभेदावर टीका करणारी 'वज्रसूची' छापावयास घेतली तेव्हा सुबाजी बापूंनी तिच्या खंडनार्थ 'लघुटंक' रचला, आणि १८३९ साली दोन्ही एकत्रच छापले गेले. आपल्या हाताखालच्या माणसाने केलेले आपल्या मताचे खंडन आपल्याच पुस्तकात छापणारा अधिकारी मला तरी आपल्या खात्यांच्या इतिहासात दुसरा चटकन आठवत नाही.

तरुण बापूदेव त्या वेळी नागपुरात होते. ढुंढिराज मिश्र नावाच्या कान्यकुब्ज विद्वानापाशी त्यांचे 'लीलावती' आणि 'बीजगणित' या ग्रंथांचे अध्ययन झाले होते. चित्पावन मुलगा, कान्यकुब्ज गुरू, भोसल्यांची राजधानी, आणि पाठ बाराव्या शतकातल्या ग्रंथाचा! विद्येच्या या जाळ्याला प्रांताची शीव नव्हती. १८३८ च्या सुमारास विल्किन्सनच्या नजरेस हा मुलगा पडला. त्याने त्याला सिहोरला नेले. तेथे सेवाराम यांच्यापाशी सिद्धान्ताचे पुढील अध्ययन झाले आणि युरोपीय गणिताशीही ओळख झाली.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. अन्य कोणी एजंट त्या जागी असता तर त्याला काय दिसले असते? अंगणात बसून संस्कृत श्लोक घोकणारा एक ब्राह्मणाचा मुलगा. पंचांग सांगून पोट भरणारे जोशी गावोगाव होते, त्यांतलाच हा आणखी एक. विल्किन्सनला मात्र यातला फरक दिसू शकला, कारण 'लीलावती'तली गणिते त्याने स्वतः सोडविली होती. रीत पाठ असणे निराळे, रीत का चालते हे कळणे निराळे. हा भेद पदवीच्या कागदावर उमटत नाही, शिफारसपत्रातही फारसा उमटत नाही. दोन-चार प्रश्न विचारले की मात्र तो लपत नाही. अट एवढीच की प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर कळले पाहिजे. माणूस पारखण्याचे काम अनेक संस्था आज ज्यांच्यावर सोपवितात त्यांना उमेदवाराचे काम वाचता येत नाही. म्हणून ते काम सोडून गुण, बिल्ले, अनुयायांची संख्या मोजतात. मोजता येण्यासारखे जे जे असते ते विकतही मिळू लागते, हे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट अशी की, विल्किन्सनने मुलाला बक्षीस देऊन परत पाठविले नाही. पुण्यात पेशव्यांच्या श्रावणमासातील दक्षिणेची प्रथा होती. तीत विद्वानाचा सत्कार होई, रक्कम मिळे, पण पुढच्या श्रावणापर्यंत त्याने काय करावे याची चिंता कोणी वाहत नसे. सिहोरला बापूदेवांना बक्षिसाऐवजी दोन-तीन वर्षांचा सहवास, ग्रंथ आणि अवघड काम मिळाले. पुढे विल्किन्सनच्याच खटपटीने काशीच्या पाठशाळेत त्यांची नेमणूक झाली आणि १८४२ च्या सुमारास ते तेथे रुजू झाले. वय वीस-एकवीस. ज्या नगरीत दहा-बारा वर्षे नुसते शिकण्यात घालविण्याचा रिवाज, तेथे हे मराठी पोर शिकवावयास बसले.

विल्किन्सन हे पाहावयास फार काळ राहिला नाही. १८४१ मध्येच त्याचा मृत्यू झाला. सिहोरच्या मंडळाचे तेज त्याच्याबरोबर ओसरले. एका माणसाच्या उत्साहावर उभ्या असलेल्या उपक्रमांची हीच गत होते, आणि स्टार्टअपवाल्यांनाही हे दुःख परिचित असणार. बापूदेव मात्र तोवर सिहोरहून हलले होते. उपक्रम बुडाला तरी त्यातून निघालेला माणूस कायम स्वरूपाच्या संस्थेत पोहोचला होता. ज्या पाठशाळेच्या पहिल्या दशकावर वर टीका केली तिचेच येथे ऋण मानले पाहिजे. तिला माणूस शोधता आला नव्हता, पण मिळालेल्या माणसाला सत्तेचाळीस वर्षे सांभाळता आले. ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि ती एकाच कार्यालयाकडून होतील अशी अपेक्षा धरणे हाच आपल्या अनेक योजनांतील दोष आहे.

बापूदेवांनी काशीत काय केले, ते थोडक्यात सांगतो. १८५८ मध्ये, म्हणजे उत्तर हिंदुस्थानात बंडाचा वणवा पुरता विझलाही नव्हता तेव्हा, त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी जे तत्त्व वापरले ते चलनकलनाचेच होय, असे त्यांचे प्रतिपादन होते. लंडनमध्ये विल्यम स्पॉटिसवूड या गणितज्ञाने १८६० मध्ये त्याची दखल घेऊन शंका उपस्थित केल्या. हा वाद अजून गणितेतिहासात चालतो. १८६१ साली त्यांचे 'सूर्यसिद्धान्ता'चे इंग्रजी भाषांतर कलकत्त्याहून निघाले. त्याच वर्षी, त्याच ग्रंथमालेत आणखी एक भाषांतर निघाले. ते भास्कराचार्यांच्या गोलाध्यायाचे, कै. लान्सलॉट विल्किन्सन याने केलेले आणि बापूदेव शास्त्र्यांनी तपासून शुद्ध केलेले. साहेबाच्या मृत्यूला तेव्हा वीस वर्षे झाली होती. काशीच्या मानमंदिरातील यंत्रांचे वर्णन, हिंदीतील बीजगणित, वेधाशी जुळणारे पंचांग ही कामे याशिवाय. १८७८ मध्ये सी.आय.ई. आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय या पदव्या मिळाल्या.

हे सर्व वाचून कोणी असे म्हणेल की, जुने जाळे फार न्यायी होते, गुण असला की तो दिसे. तसे नव्हते. काशीच्या सभेत गुण दिसे तो सभेत बसू दिलेल्यांचाच. बापूदेवांना ढुंढिराज मिश्रांचे दार उघडे होते. ते माळ्याच्या मुलाला नव्हते, आणि कोणत्याही जातीच्या मुलीला जवळजवळ नव्हतेच. बापूदेव सिहोरला होते त्याच सुमारास पुण्यात गोविंदराव फुल्यांनी आपल्या मुलाला शाळेतून काढून मळ्याच्या कामाला लावले होते. त्या मुलाची बुद्धी पंडितांच्या मंडळातील कोणाच्या नजरेस आली नाही. गफारबेग मुन्शी हे फारसीचे शिक्षक आणि लिजिट साहेब या दोघा परिचितांच्या ती ध्यानी आली, त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ मध्ये जोतीराव पुन्हा स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले. जवळपास तोच काळ, तीच पारख. फरक एवढाच की जोतीरावांच्या बाबतीत पारखी योगायोगाने शेजारी होता. ज्यांच्या शेजारी तो नव्हता त्यांची नावे आपल्याला कोणत्याच ग्रंथात सापडणार नाहीत. आजचे समुदाय सर्वांना खुले असल्याचे सांगितले जाते. परंतु तेथे शिरण्यास इंग्रजी लागते, स्वतःचा संगणक लागतो, आणि रात्री जागून फुकट काम करण्याइतकी घरची सवड लागते. ज्या मुलीला संध्याकाळी घरचा स्वयंपाक करावयाचा असतो तिचे नाव त्या यादीत येत नाही. त्यावरून तिला गणित येत नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

विल्किन्सनचा किस्सा एकाच विक्षिप्त साहेबाचा म्हणून बाजूला ठेवावा, तर दुसरा दाखला आपल्याच सेवेतला आहे. मद्रास इलाख्यातील डेप्युटी कलेक्टर व्ही. रामस्वामी अय्यर यांनी १९०६ च्या नाताळात आपल्या गणितप्रेमी स्नेह्यांना पत्र धाडले. प्रत्येकाने वर्षाला पंचवीस रुपये द्यावेत, त्यातून परदेशी गणिती नियतकालिके घ्यावीत, आणि ती टपालाने सभासदांत फिरवावीत. वीसेक सभासद मिळाले व १९०७ मध्ये संस्था निघाली. तीच पुढची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. तिचे ग्रंथालय पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात होते. मुलूखभर पांगलेली माणसे, मधे फक्त टपाल, आणि सर्वांना वाचता येणारे एक नियतकालिक, ज्यात कोणीही प्रश्न घालावा आणि कोणीही उत्तर पाठवावे.

१९१० मध्ये एक तरुण रामस्वामी अय्यरांकडे कारकुनीची जागा मागावयास गेला. एफ.ए. परीक्षेत तो नापास झालेला होता. नेमणुकीच्या नियमांनी पाहिले तर प्रकरण तेथेच निकाली निघते. त्याने वह्या दाखविल्या. डेप्युटी कलेक्टरांना त्या वाचता आल्या. त्यांनी त्याला जागा दिली नाही, कारण महसूल खात्याच्या तळच्या पायरीवर हा माणूस गुदमरून जाईल हे त्यांना कळले. त्याऐवजी मद्रासच्या गणितज्ञांना पत्रे दिली. १९११ मध्ये श्रीनिवास रामानुजन यांचे प्रश्न आणि पहिला निबंध त्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आले. दरम्यान नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव, तेही याच मंडळातले, त्यांना पदरचे मासिक साहाय्य देत होते. १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये तीस रुपयांची कारकुनी मिळाली. तेथील मुख्य हिशेबनीस नारायण अय्यर हेही सोसायटीचेच. १९१३ च्या जानेवारीत हार्डींना पत्र गेले. जग कथा सुरू करते ती तेथून. हार्डींच्या आधी तीन वर्षे निदान तीन सरकारी माणसांनी हा मनुष्य ओळखला होता, आणि त्यांपैकी एकालाही ते काम नेमून दिलेले नव्हते.

नियमांची निंदा करणे हा माझा हेतू नाही. सरकारी भरतीत परीक्षा व दाखले लागतात, कारण त्यांच्याशिवाय वशिला उरतो, आणि वशिल्याचे राज्य आपण पाहिलेले आहे. तथापि एका गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. २०१६ मध्ये स्टार्टअप इंडियाचा कार्यक्रम आला तेव्हा केंद्र सरकारने सार्वजनिक खरेदीत नव्या उद्योगांसाठी पूर्वानुभव आणि मागील उलाढाल या अटी शिथिल करण्याची मुभा दिली, गुणवत्तेची अट मात्र कायम ठेवली. ज्याने अजून काही केलेले नाही त्याच्याकडे केलेल्याचा दाखला मागू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले. उद्योगाला लावलेला हा न्याय माणसाला लावणे अशक्य नाही. विद्यापीठांच्या उद्योग-संवर्धन केंद्रांत, राज्यांच्या नवोपक्रम योजनांत निवड समित्या असतात. अशा समितीवर पदसिद्ध सदस्य किती, आणि अर्जदाराचे काम स्वतः उघडून वाचू शकणारे सदस्य किती, हा हिशेब एकदा मांडून पाहावा. वाराणसीतच १९१९ मध्ये सुरू झालेले हिंदू विश्वविद्यालयाचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ मध्ये आय.आय.टी. झाले. तेथील प्रवेश-परीक्षा देशातल्या अवघड परीक्षांपैकी एक आहे. ती पार करणाऱ्यांना शोधावे लागत नाही. त्या आवाराच्या भिंतीबाहेर, गल्लीतल्या खोलीत, कोणा ढुंढिराजापाशी कोण शिकत आहे, हे परीक्षेच्या यादीतून कळणार नाही.

बापूदेव १८८९ मध्ये निवृत्त झाले आणि १८९० मध्ये वारले. त्यांच्या जागेसाठी पुन्हा कोणाला नागपूर किंवा सिहोरकडे पाहावे लागले नाही. काशीलगतच्या खजुरी गावचे सुधाकर द्विवेदी त्या गादीवर आले. बापूदेवांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथात ज्याचे बीज दाखविले होते त्या चलनकलनावर सुधाकरांनी हिंदीत स्वतंत्र पुस्तक लिहिले, आणि 'गणकतरंगिणी' या संस्कृत ग्रंथात भारतातील ज्योतिषांची परंपरा गुंफताना टोक्याच्या या परांजप्यांनाही त्यांची जागा दिली.